केसांत उतरलेले पाणी

पाणी सगळीकडे सारखेच, असे आपण मानतो. पण ते तसे नाही. पाण्यातील हायड्रोजन व ऑक्सिजन यांचे काही अणू इतरांहून जड असतात. एकाच मूलद्रव्याच्या अशा हलक्या-जड अणूंना समस्थानिके म्हणतात. समुद्रावरून निघालेला ढग जड पाणी आधी सांडतो; म्हणून किनाऱ्यापासून दूर वा उंचावर पडणारा पाऊस हलका होत जातो. तेच पाणी आपण पितो आणि त्याची खूण वाढत्या केसांत राहते. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो. तेव्हा वीतभर केस म्हणजे जवळजवळ दोन वर्षांची रोजनिशीच होय.

अमेरिकेतील यूटा राज्यात २००० साली ग्रेट सॉल्ट लेक सरोवराजवळ एका अनोळखी तरुणीचे अवशेष सापडले. केसांवरून ती वायव्य अमेरिकेत फिरती राहिली असावी असे दिसले आणि शोधाला दिशा मिळाली. २०१२ साली ओळख पटली, ती मात्र डीएनए चाचणीने.

हा भेद महत्त्वाचा आहे. सारख्या पाण्याची गावे अनेक असतात, आणि पाणी देशाच्या सीमा ओळखत नाही. २००९ साली ब्रिटनने आश्रय मागणाऱ्यांचा मूळ देश केस-नखांवरून ताडून पाहण्याचा प्रयोग आरंभला, तेव्हा शास्त्रज्ञांनीच आक्षेप घेतला. तो पुढे बंद पडला. आम्हांला वाटते, ते योग्यच झाले. केसाची साक्ष हरवलेल्याचा माग काढण्यासाठी घ्यावी. दारी आलेल्याला परतवण्यासाठी नव्हे.