जांघेतील खाज : मलमाआधी निदान

‘गुप्तरोग’ या एका शब्दाने आपल्याकडील पुरुषांचे फार नुकसान केले आहे. जांघेत, शिश्नावर किंवा अंडकोशावर उठलेली साधी खाजही याच शब्दाच्या छायेत येते आणि मग ती घरी सांगितली जात नाही, डॉक्टरांनाही सांगितली जात नाही. सांगितली जाते ती फार्मसीच्या काउंटरवर, तीही दुसरे गिऱ्हाईक जवळ नाही असे पाहून, हलक्या आवाजात. तेथून एक ट्यूब मिळते. दोन दिवसांत खाज थांबते. खरा त्रास बहुधा त्यानंतर सुरू होतो.

तो का, हे समजण्यासाठी या भागातील त्वचेचा स्वभाव लक्षात घ्यावा लागेल. अंडकोशाची त्वचा अतिशय पातळ असते, आणि तिच्यावर जे लावावे ते ती झपाट्याने शोषून घेते. १९६७ साली फेल्डमन आणि मायबाक या अमेरिकन संशोधकांनी हायड्रोकॉर्टिसोन हे औषध शरीराच्या निरनिराळ्या भागांतून किती शोषले जाते, याचे मोजमाप केले. कोपरापुढील हाताच्या त्वचेतून होणारे शोषण एक धरले, तर अंडकोशातून होणारे शोषण सुमारे ४२ पट भरले. हातावर निरुपद्रवी ठरणारे मलम येथे जालीम ठरू शकते, ते यामुळे. साबण, जंतुनाशक द्रव, सुगंधी फवारे यांनाही हेच लागू आहे.

या भागात खाज येण्याची कारणे अनेक असतात आणि त्यांचे उपाय कित्येकदा परस्परविरोधी असतात. कोरडेपणामुळे होणाऱ्या त्रासात त्वचा ताणल्यासारखी वाटते, बारीक कोंडा सुटतो, आंघोळीनंतर आग होते. लालसर कड असलेले चट्टे मात्र दिसत नाहीत. बुरशीमुळे होणारा नायटा जांघेच्या घडीत सुरू होऊन मांडीवर उतरतो. त्याची कड उठावदार आणि खवलेदार असते, मध्यभाग त्यामानाने स्वच्छ दिसतो. हा नायटा बहुधा अंडकोशाला सोडून देतो. त्यामुळे खाज मुख्यत्वे अंडकोशावरच असेल, तर इसब, साबणाची किंवा कपड्यांतील डिटर्जंटची ॲलर्जी, अथवा कँडिडा ही निराळी बुरशी यांचा विचार आधी करावा लागतो. रात्री वाढणारी खाज, शिश्नावर व अंडकोशावर उठलेल्या गाठी आणि घरातील इतरांनाही तोच त्रास, असे चित्र असेल तर ती खरूज असण्याची शक्यता मोठी. सोरायसिसही घडीत होतो. मात्र तेथे त्याचे खवले झडलेले असतात, त्यामुळे तो चटकन ओळखू येत नाही.

आता त्या ट्यूबविषयी. काउंटरवर मिळणाऱ्या अनेक मिश्र मलमांत बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि स्टेरॉइड अशी तिन्ही औषधे एकत्र असतात. खाज दोन दिवसांत थांबते ती स्टेरॉइडमुळे. ते त्वचेचा दाह दाबते, आणि त्याबरोबर शरीराचा बुरशीविरुद्धचा प्रतिकारही दाबते. बुरशी निर्धास्तपणे पसरते, तिची ओळखीची कड पुसली जाते, आणि मलम थांबवताच खाज दुपटीने परतते. पुन्हा तीच ट्यूब आणली जाते. काही महिन्यांत मांडीवर ताणाचे पांढरट वा तांबडे पट्टे उमटतात आणि ते कायमचे राहतात. अंडकोश सतत लाल राहून जळजळतो. नावांच्या सारखेपणामुळेही गोंधळ होतो : क्लोट्रिमॅझोल हे बुरशीनाशक, तर क्लोबेटासोल हे अतितीव्र स्टेरॉइड. बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन ही नावेही स्टेरॉइडचीच. ट्यूबवरील बारीक अक्षरे वाचण्याचे कष्ट घ्यावेत ते यासाठी. केंद्र सरकारने २०१८ साली त्वचेवर लावण्याची अनेक स्टेरॉइड औषधे चिठ्ठीशिवाय विकता येऊ नयेत अशी तरतूद केली. नियम आहे, काउंटरवरचा व्यवहार त्याच्याशी नेहमीच जुळतो असे नाही.

याची किंमत एकट्या रुग्णाने मोजून भागत नाही. भारतात गेल्या काही वर्षांत पसरलेल्या चिवट नायट्यामागे बुरशीची एक निराळी जात असल्याचे आढळले. २०२० साली तिला ट्रायकोफायटन इंडोटिनी हे नाव मिळाले. आपल्या देशाची खूण त्यात आहेच. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला तिचे अनेक नमुने दाद देत नाहीत. अर्धवट उपचार आणि मिश्र मलमे यांचा तिच्या फैलावात हात असावा, असे त्वचारोगतज्ज्ञ मानतात.

कोरड्या त्वचेची काळजी त्यामानाने सोपी आहे. तीत करण्यापेक्षा न करण्याचे अधिक. कडक पाणी नको, कोमट पुरे. साबण सौम्य असावा आणि तोही अंडकोशावर व शिश्नावर चोळू नये. शिश्नाग्रावरील त्वचेखाली तर नुसते पाणी पुरते. जंतुनाशक द्रव आंघोळीच्या पाण्यात टाकण्याची सवय सोडावी. टॉवेलने घासू नये, टिपावे. त्यानंतर कोरड्या भागावर साध्या, बिनवासाच्या पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा. खोबरेल चालते, पण जांघेची घडी ओलसर असेल किंवा नायट्याची शंका असेल, तर तेथे तेल नको. लिंबू आणि लसूण यांचे घरगुती प्रयोग करू नयेत. लसणाने त्वचा अक्षरशः भाजते. केस काढल्यामुळे खाज येत असेल, तर वस्तऱ्याऐवजी कात्रीने ते आखूड करणे बरे.

नायट्याची पथ्ये निराळी आहेत, आणि गोव्याच्या पावसाळ्यात ती पाळणे कठीणच. दिवसभर आसनावर बसून असणारे मोटारसायकल पायलट किंवा बोटीवरील मच्छीमार यांनी तर आतील कपडे कामाच्या मध्ये एकदा बदलायलाच हवेत. कपडे सुती व सैल असावेत. ऊन नसेल तेव्हा अर्धवट वाळलेल्या कपड्यांवर, विशेषतः शिवणींवर, इस्त्री फिरवावी. दमट जीन्स घालू नये. पायाला बुरशी असेल, तर आधी मोजे चढवून मग चड्डी घालावी, नाहीतर पायाची बुरशी जांघेत पोचते. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा हवा. घरात दुसऱ्या कोणाला नायटा असेल, तर दोघांवर एकाच वेळी उपचार व्हावेत. आणि खाज थांबली म्हणून औषध थांबवू नये. ते कधी थांबवायचे हे डॉक्टर ठरवतील.

मधुमेहींनी अधिक सावध राहावे. शिश्नाग्रावरील त्वचेला पुन्हापुन्हा चिरा पडणे ही मधुमेहाची पहिली खूणही असू शकते, त्यामुळे अशा वेळी रक्तातील साखर तपासून घ्यावी. मधुमेहाच्या काही नव्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात. त्या घेणाऱ्यांना या भागात बुरशीचा संसर्ग अधिक होतो, तरी गोळ्या परस्पर बंद करू नयेत. फोड, व्रण, लघवीच्या मार्गातून स्राव, मागे न सरकणारी किंवा पांढरी पडत चाललेली त्वचा, दोन आठवड्यांत न बरा होणारा चट्टा, यांपैकी काहीही दिसल्यास डॉक्टरांकडे जावे. ताप, झपाट्याने वाढणारी सूज, तीव्र वेदना आणि काळी पडणारी त्वचा दिसली, तर त्याच तासाला रुग्णालय गाठावे.

बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभाग आहे. प्रथम जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवले तरी चालेल. जाताना आजवर लावलेल्या सगळ्या ट्यूब, रिकाम्या असल्या तरी, सोबत न्याव्यात. डॉक्टर चट्ट्याच्या कडेवरील खवले खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतील. वेदना न होणारी ही काही मिनिटांची तपासणी आहे. परंतु त्या सकाळी मलम लावून गेल्यास तिचा उपयोग होत नाही.