आईचा गुरुवार

आई ९१ वर्षं जगली. त्यातली बरीचशी वर्षं तिने वसईची भाजी दादरला नेऊन विकली. फार देवभक्त बाई होती, असं गावातले लोक आजही म्हणतात. ते खरंच आहे. पण तिची भक्ती मी चर्चमध्ये पाहिली त्याहून जास्त वाडीत, लोकलच्या मालडब्यात आणि दादरच्या फुटपाथवर पाहिली. म्हणून तिचा एक साधा दिवस लिहून ठेवतो. निर्मळजवळचं आमचं गाव, १९७० च्या दशकातला, पावसाळा नुकताच सरल्यानंतरचा गुरुवार.

पहाटे २.३०

घरात गजराचं घड्याळ नव्हतं, तिला ते लागतही नसे. उठल्या उठल्या अंथरुणावरच क्रुसाची खूण, मग चूल. माल आदल्या संध्याकाळीच काढून, पाण्याचा हबका मारून ओटीवर ठेवलेला असायचा: वांगी, पडवळ, तोंडली, अळूच्या जुड्या, दोन केळफुलं, केळीच्या पानात बांधलेली अबोली. लाल चौकड्यांचं लुगडं काष्टा मारून नेसलेलं. डोक्यावर चुंबळ ठेवून ती किंचित वाकायची आणि वडील टोपलीला हात लावायचे. दोघं त्या वेळी काहीच बोलत नसत.

पहाटे ३.३०

वेशीवर क्रूस होता. वसईत असे क्रूस वाटावाटांवर आहेत. टोपली खाली उतरवायची नाही, कारण परत उचलून द्यायला कोण असणार? एका हाताने टोपली सावरून दुसऱ्या हाताने ती क्रुसाच्या दगडाला स्पर्श करी आणि बोटं ओठांना लावी. त्या दगडाचा एक कोपरा अशा हातांनी गुळगुळीत झाला होता. पुढे चार-पाच जणींनी मिळून ठरवलेली बैलगाडी, आणि नालासोपारा स्टेशन.

पहाटे ४.३०

विरारपर्यंत विजेची गाडी १९३६ साली आली. तेव्हा आई पाच वर्षांची होती. त्या गाडीवर आमच्या पट्ट्यातल्या कित्येक घरांच्या चुली पेटल्या. मालडब्यात अर्नाळ्याच्या कोळणी मासळीच्या पाट्या घेऊन आधीच बसलेल्या असत. जागेवरून भांडणं व्हायची, आईही भांडायची, आणि तिचा आवाज मोठा होता. पण भाईंदरची खाडी आली की आमच्या बायका प्रार्थना सुरू करत, आणि कोळणी आपणहून गप्प होत. त्यांतल्या एकीचा मुलगा खोल समुद्रात गेलेला असला, की ती आईला कोपराने ढोसून सांगायची, 'माझ्या पोराचं पण नाव घे गो.' आई घ्यायची.

सकाळी ६ ते १०

दादर. स्टेशनबाहेर रस्त्याच्या कडेला तिची ठरलेली जागा. भवानीचे पैसे हातात पडले की ती अंगठ्याने नोटेवर छोटासा क्रूस काढायची, नोट कपाळाला लावायची आणि कमरेच्या पिशवीत टाकायची. शेजारची लसूणवाली आपली भवानी तराजूला लावून डोळे मिटायची. दोघींचं अनेक वर्षं उत्तम जमलं. एक पाणी प्यायला गेली की दुसरी तिचा माल विकायची.

गिऱ्हाईक तिला तोंडपाठ होतं. शिवाजी पार्कच्या एका आजींना अळूवडीसाठी काळ्या देठाची, न फाटलेली पानं लागायची. रात्रपाळी सुटलेले गिरणी कामगार वांगी घ्यायचे, भाव फारसा करत नसत. या कामगारांबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, जवळपास अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि गिऱ्हाईक हळूहळू आटलं. पुरुष यायचे बंद झाले, त्यांच्या बायका यायला लागल्या, त्याही शेवटी शेवटी, भाव पडल्यावर. आईने उधारी दिली. लिहिता येत होतं, चौथीपर्यंत शिकली होती, पण ही उधारी तिने कधी वहीत लिहिली नाही. वडिलांनी एकदा विचारलं, 'किती बाकी आहे?' ती म्हणाली, 'ते रोजरीत आहे', म्हणजे रोजच्या जपमाळेत. त्यातली किती परत आली, हे आम्हा मुलांना कधीच कळलं नाही.

दुपारी १२

बाराची घंटा व्हायच्या आत ती वाडीत पोचलेली असे. निर्मळच्या चर्चची घंटा सकाळ, दुपार, संध्याकाळ अशी तीनदा होते. ही घंटा म्हणजे देवदूताने मरियेला दिलेला निरोप आठवून करायच्या प्रार्थनेची वेळ. घंटा ऐकली की वडील रहाटाचा बैल थांबवायचे. ती पदर डोक्यावर घेऊन वाफ्यातच उभी राहायची, पाय चिखलात. दोन-तीन मिनिटं, मग बैल पुन्हा चालू. जेवण, भांडी आणि तासभर झोप. त्या तासात घरात कोणी मोठ्याने बोलायचं नाही.

दुपारी ४

पुन्हा वाडी. उद्याचा माल काढायचा, जुड्या बांधायच्या. केळीच्या सोपटाची ओली दोरी दातात धरून ती एका हाताने गाठ मारायची. मला ती गाठ अजून जमत नाही. पुढच्या काळात टँकर आले. विहिरींचं गोडं पाणी उपसून इमारतींना जाऊ लागलं आणि आमच्या विहिरीचं पाणी मचूळ लागायला लागलं. आधी अळू गेलं, मग पानवेल. १९८८-८९ च्या सुमारास फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समितीने लोकांना उभं केलं, तेव्हा आई मोर्चात होती, दादरचा एक दिवस बुडवून. पाणी वाचवणं हे तिला प्रार्थनेपेक्षा वेगळं काम वाटलं नाही.

संध्याकाळी ७

तिन्हीसांजेची घंटा झाली की सगळ्यांनी घरातल्या वेदीपुढे गुडघे टेकायचे. रोजरी. त्या काळात गुरुवारी आनंदाची रहस्यं, म्हणजे येशू-मरियेच्या आयुष्यातले आनंदाचे प्रसंग, म्हणत. पाच रहस्यं, प्रत्येकी दहा वेळा नमो मरिया. आम्हाला भूक लागलेली असायची, आणि आई घाई करत नसे, कारण प्रत्येक रहस्यापूर्वी ती नावं घ्यायची. पहिलं मोटरमनसाठी. दुसरं कोळणीच्या मुलासाठी. तिसरं अळूवाल्या आजींच्या गुडघ्यांसाठी. तिच्या दिवसात जो जो आला तो रात्री जपमाळेवर यायचा, मग तो कुठल्याही धर्माचा असो. संपाच्या काळात एक आख्खं रहस्य गिरणगावाला दिलेलं असे, संप विस्मरणात गेल्यावरही कितीतरी दिवस.

लहानपणी चर्चमध्ये तिने मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, ऐकला तो लॅटिनमध्ये. उत्तरं पाठ, अर्थ ठाऊक नाही. व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर उपासना मराठीत आली, तेव्हा ती तिशी ओलांडलेली होती. येशू बोटीत झोपलाय आणि शिष्य घाबरलेत, हे स्वतःच्या भाषेत वेदीवरून ऐकलं त्या रविवारी ती घरी आली आणि स्वयंपाक सोडून वडिलांना पुन्हा सगळं सांगत बसली, जणू कालच नायगावच्या खाडीत घडलंय.

रात्री ९ नंतर

त्या गुरुवारी नऊला दिवा मालवला. पुढे वय झालं, दादर सुटलं, पण घंटांची वेळ तीच राहिली. २००२ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाची पाच रहस्यं नव्याने दिली आणि गुरुवार त्यांना मिळाला. आईने सत्तरी ओलांडल्यावर ती पाठ केली, नातवंडांकडून म्हणवून घेत. २०१० मध्ये फादर दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' आलं, तेव्हा नात तिला रोज पानभर वाचून दाखवायची. काना गावच्या लग्नाची गोष्ट ती परत परत वाचायला लावी. लग्नघरातला द्राक्षारस संपलाय, हे मरियेच्या लक्षात येतं. 'बघ,' आई नातीला म्हणायची, 'यजमानाने तोंड उघडायच्या आत हिला कळलं.' घरातली एखादी वस्तू संपत आली की ते आधी बाईच्या लक्षात येतं, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. प्रकाशाच्या रहस्यांतलं दुसरं, कानाचं रहस्य, तिने कायमचं ज्यांच्या घरातलं काहीतरी संपलंय त्यांच्यासाठी राखून ठेवलं.

आता रोजरी आम्ही सातऐवजी साडेआठला म्हणतो, नोकरीवाले घरी आल्यावर. दुसऱ्या रहस्याला नाव कोण घेणार हे पाळीने ठरतं. गेल्या गुरुवारी पाळी धाकट्या नातीची होती. तिने सोसायटीच्या वॉचमनचं नाव घेतलं, कारण त्याच्या मुलीची कॉलेजची फी भरायची राहिली आहे. जेवण झाल्यावर तिने पैसे जमवायला वाटी फिरवली.