हाजीची शाळा

कॉन्स्तांत्सा (रोमानिया) :

१९९४ चा विश्वचषक ज्यांनी भल्या पहाटे उठून टीव्हीवर पाहिला, त्यांना ग्योर्गे हाजीची ओळख करून द्यायला नको. अमेरिकेतल्या पासाडीना इथे कोलंबियाविरुद्धचा सामना चालू होता. हाजीला चेंडू मिळाला तो डाव्या बाजूला, पार साइडलाइनजवळ. तिथून गोल तीसेक मीटरच्या पलीकडे होता. अशा जागेवरून खेळाडू चेंडू गोलसमोरच्या गर्दीत टाकतो आणि कुणीतरी डोकं लावेल अशी आशा धरतो. कोलंबियाचा गोलरक्षक ऑस्कर कॉर्दोबाही त्याच हिशेबाने थोडा पुढे सरकून उभा होता. हाजीने डाव्या पायाने उंच फटका मारला आणि चेंडू कॉर्दोबाच्या डोक्यावरून दूरच्या खांबाजवळ वरच्या कोपऱ्यात उतरला. त्या स्पर्धेत रोमानियाने पुढे अर्जेंटिनाला ३-२ ने घरी पाठवलं आणि उपांत्यपूर्व फेरीत स्वीडनकडून पेनल्टी शूटआउटमध्ये हार पत्करली. आपल्याकडे हाजीची गोष्ट बहुतेकांसाठी तिथेच थांबते.

इथे ती थांबलेली नाही. रोमानियात हाजीला आजही ‘रेजेले’, म्हणजे राजा म्हणतात. पण काळ्या समुद्राच्या या किनाऱ्यावर लोक त्याच्याबद्दल बोलतात ते बहुतेक वेळा त्याच्या मुलांबद्दल, म्हणजे त्याच्या अकादमीतल्या पोरांबद्दल असतं. खेळाडू म्हणून तो मोठा होताच. तरी माझं मत असं झालं आहे की प्रशिक्षक म्हणून त्याने जे उभं केलं ते अधिक अवघड होतं, आणि आजचा रोमानिया समजून घ्यायचा तर तेच पाहावं.

बुखारेस्टहून पूर्वेला निघालेली गाडी चेर्नावोदापाशी डॅन्यूब ओलांडते. नदीच्या पलीकडचा हा प्रांत दोब्रोजा. जमीन सपाट, वारा सततचा, आणि वस्ती अनेक समाजांची मिसळलेली. रोमानियन, तुर्क, तातार, रशियन वंशाचे लिपोवान आणि अरुमानी असे सगळे इथे आहेत. कॉन्स्तांत्साच्या जुन्या भागात राजा कॅरोल पहिला याच्या काळात बांधलेली मोठी मशीद आहे. तिथून थोड्याच अंतरावर रोमन कवी ओव्हिडचा पुतळा आहे. सम्राट ऑगस्टसने त्याला इसवी सन ८ मध्ये याच शहरात, तेव्हाच्या तोमिसमध्ये, हद्दपार केलं होतं. शहराच्या उत्तरेला सुतघियोल तलावाच्या काठी जे छोटं गाव आहे त्याचं नावही त्याच कवीवरून पडलं आहे, ओविडियू. हाजीची अकादमी तिथे आहे.

हाजी स्वतः अरुमानी. ही बाल्कन डोंगरांतल्या मेंढपाळ आणि व्यापाऱ्यांची जमात. रोमानियनला जवळची भाषा बोलणाऱ्या या लोकांना १९२५ नंतर रोमानियाच्या सरकारने दक्षिण दोब्रोजात आणून वसवलं. १९४० मध्ये तो भाग बल्गेरियाकडे गेला, तेव्हा त्यांना पुन्हा उठून उत्तरेकडे यावं लागलं. हाजीचा जन्म ५ फेब्रुवारी १९६५ रोजी कॉन्स्तांत्सा जिल्ह्यातल्या सचेले गावी झाला. अशा गावातला मुलगा राष्ट्रीय संघापर्यंत पोहोचला तो शासनाच्या हातून. त्या काळी हुशार पोरं शोधून त्यांना घडवण्याची व्यवस्था होती. फुटबॉल महासंघ देशभरातली निवडक मुलं बुखारेस्टच्या लुचाफारुल केंद्रात आणून ठेवत असे. तिथेच खाणं, तिथेच शाळा, तिथेच सराव. हाजी त्या केंद्रात वाढला. अठराव्या वर्षी, १९८३ मध्ये, तो देशाकडून खेळला. तेव्हा राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक होते मिर्चा लुचेस्कू. १९७० च्या विश्वचषकात पेलेच्या ब्राझीलसमोर रोमानियाचं नेतृत्व करणारे तेच लुचेस्कू. पुढे इटलीत ब्रेशियात आणि इस्तंबूलमध्ये गालातासरायमध्येही हे दोघे एकत्र आले. इथल्या फुटबॉलमध्ये गुरू-शिष्याची अशी दुसरी जोडी मला माहीत नाही.

त्या व्यवस्थेची दुसरी बाजूही होती. प्रत्येक मोठा क्लब कुठल्या ना कुठल्या सत्तेचा होता. स्तेआवा लष्कराचा, दिनामो गृहखात्याचा, रापिद रेल्वेचा. १९८६ मध्ये स्तेआवाने बार्सिलोनाला हरवून युरोपियन कप जिंकला. पुढच्या फेब्रुवारीत मोनॅकोला दिनामो कीव्हविरुद्ध सुपर कपचा सामना होता. त्या एका सामन्यापुरता म्हणून हाजीला स्पोर्तुल स्तुदेंत्सेस्क या विद्यार्थ्यांच्या क्लबकडून मागून घेतलं गेलं. सामन्यातला एकमेव गोल हाजीने केला आणि स्तेआवाने त्याला परत पाठवलंच नाही. लष्कराच्या क्लबला नाही कोण म्हणणार? परदेशी क्लबांकडे जायची मुभा साम्यवादी हुकूमशहा चाउशेस्कूच्या राजवटीत नव्हती. ती राजवट डिसेंबर १९८९ मध्ये कोसळली आणि १९९० च्या विश्वचषकानंतर हाजी रेआल माद्रिदला गेला.

माद्रिद, ब्रेशिया, बार्सिलोना, मग इस्तंबूल. या प्रवासाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. बार्सिलोनात प्रशिक्षक योहान क्रायफच्या हाताखाली त्याने जे पाहिलं ते पुढे ओविडियूत उतरलं, एवढी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. आणि गालातासरायसोबत २००० मध्ये त्याने यूएफा कप जिंकला. आर्सेनलविरुद्धच्या त्या अंतिम सामन्यात रागाच्या भरात त्याला लाल कार्ड मिळालं. महिन्याभराने युरो स्पर्धेत इटलीविरुद्धही तेच झालं, आणि देशासाठीचा त्याचा शेवटचा सामना असा अर्ध्यातच संपला. राग हा त्याच्या स्वभावाचा भागच आहे.

प्रशिक्षक म्हणून सुरुवात वाईट झाली. २००१ मध्ये राष्ट्रीय संघ त्याच्याकडे आला, पण प्लेऑफमध्ये स्लोव्हेनियाने रोमानियाला हरवलं आणि विश्वचषकाचा रस्ता बंद झाला. बुर्सास्पोरला तो टिकला नाही. गालातासरायला २००५ मध्ये त्याने तुर्की कप जिंकून दिला, तोही अंतिम सामन्यात फेनेरबाचेला ५-१ ने चिरडून, तरी पुढच्या हंगामात तो तिथे नव्हता. मग तिमिशोआरा. मग २००७ मध्ये स्तेआवा, तेही काही महिनेच. २०१० मध्ये पुन्हा गालातासराय आणि पुढच्या वसंतात पुन्हा निरोप.

या धरसोडीचं कारण त्याचा स्वभाव, असं इथले पुष्कळ लोक सांगतात. मला ते अर्धंच पटतं. १९८९ नंतर या देशात क्लबांचं काय झालं ते पाहिलं पाहिजे. कारखाने बंद पडले, मंत्रालयांनी हात काढून घेतले आणि क्लब नव्या श्रीमंतांच्या हाती गेले. स्तेआवाचा सध्याचा वारसदार म्हणवणारा संघ उद्योजक जिजी बेकाली यांचा. संघनिवडीत ते लक्ष घालतात आणि ते लपवतही नाहीत. नावावरून लष्कर कोर्टात गेलं, तेव्हा २०१७ मध्ये त्या क्लबला एफसीएसबी हे नाव घ्यावं लागलं, आणि लष्कराने स्वतःचा वेगळा स्तेआवा खालच्या विभागातून उभा केला. चाहत्यांनी नेमकं कुणाला आपलं म्हणायचं, हा वाद बुखारेस्टमध्ये घराघरांत आहे. अशा मालकांच्या हाताखाली हाजीसारखा माणूस रमणं अवघडच होतं. २००९ मध्ये त्याने स्वतःच्या पैशातून विइतोरुल हा क्लब आणि सोबत अकादमी काढली. तीन वर्षांत क्लब पहिल्या विभागात आला. २०१४ मध्ये मालक हाजीने प्रशिक्षकाच्या जागी स्वतःलाच बसवलं.

अकादमीच्या कुंपणाबाहेरून मी सराव पाहिला. नऊ-दहा वर्षांची मुलं होती. पाठीमागून कुणी येतंय का हे चेंडू येण्याआधी मान वळवून पाहायचं आणि मगच चेंडू घ्यायचा, एवढाच सराव पुन्हा पुन्हा चालला होता. एखादा पोरगा मान वळवायला विसरला की शिट्टी. सगळे थांबत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. चेंडू ज्या पायाने अडवला त्याच पायाने पुढे ढकलायचा, दुसऱ्या फेरीत पाय बदलायचा. कुणी जोरात फटका मारत नव्हतं, कुणी धावत सुटत नव्हतं. रोमानियातल्या खालच्या विभागातले सामने मी पाहिले आहेत. तिथे गोलरक्षक चेंडू उचलून अर्ध्या मैदानापलीकडे भिरकावतो. हाजीच्या संघांचा गोलरक्षक शेजारच्या बचावपटूला पास देतो आणि तिथून खेळ रचला जातो. चूक झाली तर समोर गोल उघडा असतो. तो धोका पत्करायला प्रशिक्षक हाजीने सतरा-अठरा वर्षांच्या पोरांना लावलं, आणि पोरगं चुकलं म्हणून त्याला पुढच्या सामन्यात बाकावर बसवलं नाही. बाकी क्लब तिशीतल्या अनुभवी परदेशी खेळाडूंवर भिस्त ठेवत असताना हे करायला फार धीर लागतो.

२०१७ मध्ये याचं फळ आलं. इथल्या लीगची पद्धत वेगळी आहे. पहिला टप्पा संपला की वरचे सहा संघ वेगळे काढतात, सगळ्यांचे गुण निम्मे करतात आणि पुन्हा एकमेकांशी खेळवतात. शेवटी विइतोरुल आणि एफसीएसबी दोघांचे ४४ गुण झाले. आपसांतल्या सामन्यांचा हिशेब विइतोरुलच्या बाजूने होता. एफसीएसबीने हरकत घेतली, प्रकरण आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादापर्यंत गेलं, निकाल बदलला नाही. आठ वर्षांपूर्वी अस्तित्वातही नसलेला, छोट्या गावातला क्लब देशाचा विजेता झाला.

२०२१ मध्ये विइतोरुल कॉन्स्तांत्साच्या जुन्या फारुल क्लबमध्ये विलीन झाला. फारुल १९२० चा, हाजीचा स्वतःचा पहिला क्लब, आणि शंभर वर्षांत त्याला एकदाही लीग जिंकता आली नव्हती. २१ मे २०२३ रोजी ओविडियूच्या जेमतेम साडेचार हजार प्रेक्षकांच्या मैदानावर एफसीएसबी २-० ने पुढे होता. फारुल ३-२ ने जिंकला आणि एक फेरी बाकी असतानाच विजेता ठरला. त्या स्टँडमध्ये आज बसलं तर पायाखाली सूर्यफुलाच्या बियांची टरफलं कुरकुरतात. प्रत्येकाच्या हातात बियांची पुडी असते, आणि सामना रंगला की दातांचा वेग वाढतो. शेजारच्या माणसाला ओळख नसली तरी पुडी पुढे केली जाते. नको म्हणणं वाईट दिसतं. गप्पा सुरू झाल्या की तो सामना निघतोच, आणि तिसऱ्या गोलच्या वेळी आपण नेमके कुठे उभे होतो हे सांगितलं जातं.

आता पैशाची गोष्ट. अकादमी चालते ती पोरं विकून. मध्यरक्षक रझ्वान मारिन जानेवारी २०१७ मध्ये, विजेतेपदाचा हंगाम अर्ध्यात असतानाच, बेल्जियमच्या स्टँडर्ड लीजला गेला. पुढच्याच वर्षी डेनिस द्रागुश त्याच क्लबला गेला, वय एकोणीस. फारुलच्या विजेत्या संघातला अ‍ॅड्रियन माझिलू इंग्लंडच्या ब्राइटनकडे गेला. हाजीचा मुलगा यानिस गेंक आणि रेंजर्सकडून खेळला. यात नवल काही नाही, कारण सगळा देशच असा बाहेर चालला आहे. १९९२ च्या जनगणनेत रोमानियाची लोकसंख्या २ कोटी २८ लाख होती, २०२१ मध्ये ती १ कोटी ९० लाखांवर आली. जन्मदर घटला हे एक कारण, आणि इटली, स्पेन, जर्मनीला गेलेले लाखो कामगार हे दुसरं. आजी-आजोबांकडे वाढणारी मुलं इथल्या प्रत्येक गावात दिसतात. फुटबॉलपटूही मिळेल तिथे जातात. मुंबई सिटीच्या बचावफळीत आपण पाहिलेला लुसियन गोईयान त्यांच्यातलाच एक.

म्हणून हाजी पोरं विकतो याबद्दल त्याला दोष देणारे मला पटत नाहीत. विकल्याशिवाय पुढच्या दहा वर्षांच्या पोराच्या बुटांचे, प्रशिक्षकाच्या पगाराचे पैसे येणार कुठून? दोष द्यायचा तर २००२ ते २०२२ या सहाही विश्वचषकांना देश मुकत असताना स्वस्थ बसलेल्यांना द्यावा. हाजीला स्वतःला घडवणारं केंद्र शासनाचं होतं आणि सचेलेच्या पोराला त्यासाठी खिशातून काही द्यावं लागलं नाही. त्या व्यवस्थेत दडपण होतं, हुकूमशाही होती, ती परत यावी असं मी म्हणत नाही. पण तिच्यातला शोधून घडवण्याचा भागही तिच्यासोबत कचऱ्यात गेला. आज तेच काम एक माणूस स्वतःच्या कमाईतून करतो, आणि त्यात पन्नास-साठ अधिकाऱ्यांना लाज वाटायला हवी असं माझं स्पष्ट मत आहे. प्रत्येक संघाने किमान एक तरुण देशी खेळाडू मैदानात ठेवावा असा नियम महासंघाने काही वर्षांपूर्वी केला. तो चांगला आहे. मात्र पोरं घडवणारे क्लबच मोजके असतील, तर त्या नियमाने फक्त त्या मोजक्या पोरांचा भाव वाढतो.

१७ जून २०२४ रोजी म्युनिकमध्ये युरो स्पर्धेच्या पहिल्या सामन्यात रोमानियाने युक्रेनला ३-० ने हरवलं. युरो स्पर्धेत रोमानियाला चोवीस वर्षांनी मिळालेला तो पहिला विजय. दुसरा गोल मारिनचा होता, तिसरा द्रागुशचा. नऊ दिवसांनी फ्रँकफर्टला स्लोव्हाकियाविरुद्ध पेनल्टीवर बरोबरी साधून देणाराही मारिनच, आणि त्या एका गुणावर रोमानिया बेल्जियमच्या वर राहून गटात पहिला आला. मुख्य प्रशिक्षक होते एडवर्ड योर्डानेस्कू, म्हणजे १९९४ मध्ये हाजीच्या संघाला अमेरिकेला घेऊन गेलेल्या अँगेल योर्डानेस्कू यांचे चिरंजीव. हाजीला त्या संघात कुठलंही पद नव्हतं.