मृत्तिकारंग व गृहरंगयोजना

मृत्तिकारंग व गृहरंगयोजना : माती, खडक, वाळू, चुनखडी इ. नैसर्गिक पदार्थांच्या रंगांशी जुळणाऱ्या पिवळसर, तांबूस, तपकिरी, हिरवट-करड्या व मळकट पांढऱ्या छटांना मृत्तिकारंग म्हणतात. घराच्या अंतर्भागातील भिंती, छत, जमीन, दारे व खिडक्या यांसाठी अशा छटांची परस्परांशी सांगड घालून केलेली निवड म्हणजे मृत्तिकारंगांची गृहरंगयोजना होय. पूर्वी हे रंग प्रत्यक्ष मातीपासूनच मिळवीत. विसाव्या शतकात संश्लेषित लोह ऑक्साइडे स्वस्त झाल्यावर त्याच छटा कारखान्यात तयार होणाऱ्या रंगलेपांतही मिळू लागल्या. त्यामुळे एकाच नावाच्या दोन छटा अगदी भिन्न द्रव्यांच्या असू शकतात व भिंतीवर भिन्न रीतीने वागतात. म्हणून केवळ छटापत्रक पाहून निवड न करता रंगाचे द्रव्य, खोलीतील प्रकाश आणि भिंतीचे स्वरूप या तिन्हींचा एकत्र विचार करणे आवश्यक असते.

घटक व गुणधर्म : बहुतेक मृत्तिकारंगांचे मूळ लोहाच्या संयुगांत आहे. पिवळ्या मातीचा रंग गोएथाइट या जलयुक्त लोह ऑक्साइडामुळे, तर गेरूचा तांबडा रंग हेमॅटाइटामुळे येतो. पिवळी माती सु. २५०° ते ३००° से. पर्यंत तापविली असता तिच्यातील रासायनिक दृष्ट्या बद्ध असलेले पाणी निघून जाते व ती तांबडी होते. म्हणजे हे दोन्ही रंग एकाच द्रव्याच्या दोन अवस्था आहेत. लोहाबरोबर मँगॅनिजाची ऑक्साइडेही असली, तर रंग तपकिरीकडे झुकतो. इटलीतील सिएना शहरावरून ओळखल्या जाणाऱ्या मातीत मँगॅनीज थोडे, तर उंबर या गडद तपकिरी मातीत त्याहून अधिक असते. हिरव्या मातीचा रंग सेलॅडोनाइट व ग्लॉकोनाइट या खनिजांमुळे येतो. पांढऱ्या छटा चुना, खडू, केओलिन यांपासून व काळ्या छटा काजळी किंवा कोळशापासून मिळतात.

लोहाची ही रंगद्रव्ये उन्हाने फिकी पडत नाहीत व चुन्यातील क्षाराने बिघडत नाहीत. प्रशियन निळा व अनेक कार्बनी रंग ओल्या चुन्यात टिकत नाहीत. त्यामुळे चुन्याच्या भिंतींवर मातीच्याच रंगांचे प्राबल्य राहिले. त्यामागे परंपरेइतकेच हे रासायनिक कारणही आहे.

ऐतिहासिक आढावा : दक्षिण आफ्रिकेतील ब्लोंबॉस गुहेत गेरू कुटून त्याचे मिश्रण करण्याची सु. १,००,००० वर्षांपूर्वीची साधने सापडली असून त्यांचा वृत्तांत २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. मध्य प्रदेशातील भीमबेटका येथील शैलाश्रयांत गेरूच्या व पांढऱ्या रंगातील चित्रे आहेत. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत तांबडी व पिवळी माती, हिरवी माती, काजळी व पांढरी द्रव्ये यांचा मुख्यत्वे उपयोग केलेला आहे. त्यांतील निळ्या रंगाचा लाजवर्द मात्र दूरच्या प्रदेशातून आणावा लागे. सेलॅडोनाइट हे खनिज दख्खनच्या बेसाल्ट खडकातील पोकळ्यांत आढळते.

घरगुती वापरातही या रंगांची परंपरा दीर्घ आहे. भिंतीचा वरचा भाग चुन्याने पांढरा करून पायथ्याशी गेरूचा पट्टा ओढण्याची पद्धत महाराष्ट्राच्या खेड्यांत रूढ होती. या पट्ट्यामुळे जमिनीलगतचे डाग व शिंतोडे झाकले जातात आणि वरचा पांढरा भाग प्रकाश परावर्तित करीत राहतो. वारली घरांत शेणामातीने किंवा गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चित्रे काढतात. कोकण व गोवा येथील कावी कलेत पांढऱ्या चुनेगच्चीवर काव म्हणजे तांबडी माती मिसळलेल्या गिलाव्याचा थर देऊन तो ओला असतानाच खरवडतात व खालच्या पांढऱ्या रंगात आकृती उमटवितात. या तिन्ही उदाहरणांत रंगांची संख्या दोनच असून परिणाम त्यांच्या प्रमाणावर अवलंबून असतो.

आधुनिक वास्तुकलेत ल कॉर्ब्यूझ्ये यांनी एका स्विस भित्तिकागद-कंपनीसाठी १९३१ मध्ये ४३ व १९५९ मध्ये २० छटांचे संच तयार केले. पहिल्या संचात आकाश, वाळू, भिंत, निसर्गदृश्य अशा नावांचे गट असून त्यांत गेरू, सिएना व उंबर यांच्या छटा समाविष्ट आहेत. एकेका गटातील छटा एकत्र वापरल्यास सामान्य माणसासही विसंगती टाळता यावी, असा या मांडणीचा हेतू होता.

सुसंगतीचे कारण : ॲल्बर्ट हेन्री मन्सेल (१८५८–१९१८) यांनी १९०५ मध्ये मांडलेल्या पद्धतीत कोणताही रंग वर्ण, उजळपणा व वर्णघनता या तीन परिमाणांनी सांगता येतो. मृदाविज्ञानात मातीचे वर्णन करण्यासाठी याच पद्धतीची छटापत्रके वापरतात. त्यांवरून असे दिसते की, बहुतेक मातींचे वर्ण तांबड्यापासून पिवळ्यापर्यंतच्या अरुंद पट्ट्यात येतात व त्यांची वर्णघनता कमी असते. फरक असतो तो प्रामुख्याने उजळपणात. मृत्तिकारंग एकमेकांशी सहज जुळतात, ते या मर्यादित वर्णपट्ट्यामुळे. मात्र याच कारणाने खोली एकसुरी व मंद दिसण्याचा धोकाही असतो. तो टाळण्यासाठी निवडलेल्या छटांच्या उजळपणात स्पष्ट अंतर ठेवावे लागते. सारख्याच उजळपणाचे तीन तपकिरी रंग शेजारी आल्यास भिंत, दार व जमीन यांच्या सीमा डोळ्यास नीट कळत नाहीत. वृद्धांना व दृष्टी मंद असणाऱ्यांना ही गोष्ट अपायकारकही ठरू शकते.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मीशेल अझेन शव्हरल (१७८६–१८८९) यांनी १८३९ मध्ये मांडलेला समकालिक विरोधाचा नियमही येथे लागू पडतो. या नियमानुसार शेजारच्या रंगामुळे प्रत्येक रंग बदललेला भासतो. निळसर झाक असलेल्या शुभ्र पांढऱ्या रंगाजवळ पिवळी माती मळकट दिसते. तीच चुन्याच्या किंवा सायीसारख्या पांढऱ्या छटेजवळ उजळ व स्वच्छ दिसते. म्हणून मृत्तिकारंगांच्या योजनेत पांढऱ्या छटेची निवड इतर रंगांइतकीच महत्त्वाची असते.

प्रकाश : प्रकाशयोजनेच्या प्रचलित मार्गदर्शक तत्त्वांनुसार कामाच्या जागी छताची परावर्तकता ०·७ ते ०·९, भिंतींची ०·५ ते ०·८ व जमिनीची ०·२ ते ०·४ असावी. गेरू व उंबर यांच्या पूर्ण गडद छटांची परावर्तकता याहून पुष्कळच कमी असते. लहान खिडकीच्या खोलीत चारही भिंती अशा रंगाने रंगविल्यास दिवसाही दिवा लावावा लागतो. मंद प्रकाशात डोळ्याची तांबड्या रंगाची संवेदनक्षमता निळ्याच्या तुलनेने कमी होत असल्याने गेरूची भिंत संध्याकाळी अधिकच काळवंडते.

उत्तरेकडील खिडकीतून येणारा प्रकाश बराचसा आकाशाचा व किंचित निळसर असतो. त्यात राखाडी छटा थंड, तर पिवळसर छटा समतोल दिसतात. पश्चिमेच्या खोलीत सायंकाळचे ऊन तांबूस छटा भडक करते. तेथे हिरवट-करडी किंवा वाळूची छटा योग्य ठरते. कृत्रिम प्रकाशाचाही असाच परिणाम होतो. सु. २,७०० केल्व्हिन वर्णतापमानाच्या पिवळसर दिव्याखाली तांबूस छटा खुलतात. ६,५०० केल्व्हिनच्या पांढऱ्या दिव्याखाली त्याच निस्तेज दिसतात. शिवाय समोरासमोरच्या भिंतींवरून प्रकाश पुनःपुन्हा परावर्तित झाल्याने छटापत्रकावरील लहान चौकोनापेक्षा संपूर्ण भिंतीवर तोच रंग अधिक दाट वाटतो. यासाठी अंतिम निवडीपेक्षा एक पायरी फिकी छटाही नमुन्यादाखल लावून पाहणे हिताचे असते.

भिंत व बंधक : रंगद्रव्य भिंतीला धरून ठेवणाऱ्या पदार्थास बंधक म्हणतात. चुन्याच्या सफेदीत विरलेला चुना हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून कॅल्शियम कार्बोनेट बनतो व तोच बंधकाचे काम करतो. त्यात रंगद्रव्याचे प्रमाण चुन्याच्या वजनाच्या साधारणतः १० टक्क्यांच्या आत ठेवतात. अधिक झाल्यास रंग हाताला लागतो. ओली सफेदी गडद दिसते व वाळल्यावर पुष्कळ फिकी होते. त्यामुळे नमुना पूर्ण वाळल्याखेरीज निर्णय घेऊ नये.

माती, जांभा दगड व चुना यांच्या जुन्या भिंती पावसाळ्यात ओलावा शोषून घेतात व नंतर तो पृष्ठभागातून बाहेर टाकतात. अशा भिंतीवर वाफेला अडविणारा प्लॅस्टिक किंवा तैल रंगलेप दिल्यास ओलावा आत कोंडला जातो, क्षार साचतात आणि फुगवटे येऊन गिलाव्यासह रंग निघतो. येथे रंग मातीसारखा दिसणे पुरेसे नसून लेपही भिंतीच्या प्रकृतीस मानवणारा असावा लागतो. उलटपक्षी, सिमेंटच्या कोरड्या व गुळगुळीत गिलाव्यावर जलविद्राव्य पायसी रंगलेप सोयीचा असतो. मात्र नवा गिलावा नीट मुरून वाळेपर्यंत काही आठवडे थांबावे लागते.

निवडीची पद्धत : खोलीत आधीपासून असलेल्या व न बदलणाऱ्या वस्तूंपासून म्हणजे फरशी, लाकूडकाम, दगडी चौथरा यांपासून प्रारंभ करतात. काळ्या पाषाणाच्या किंवा शहाबादी फरशीच्या करड्या जमिनीवर चुन्याचा पांढरा, वाळलेल्या गवताचा पिवळा व थोडा हिरवट-करडा रंग जुळतो. जांभ्याच्या उघड्या भिंती असलेल्या घरात तांबडा रंग मूळचाच असल्याने उरलेल्या भिंती फिक्या वाळूच्या किंवा सायीच्या छटेत ठेवून तपकिरी रंग दारे-खिडक्यांपुरता राखणे योग्य होय. सर्वसाधारणपणे सर्वांत उजळ छटा छतास, मध्यम छटा बहुतेक भिंतींस व गडद छटा लहान क्षेत्रास देतात. खिडकीसमोरच्या भिंतीवर गडद रंग दिल्यास खोलीतील प्रकाश सर्वाधिक घटतो. नमुना निदान हातभर लांबी-रुंदीच्या पृष्ठभागावर दोन हातांचा देऊन सकाळी, दुपारी व दिव्याखाली पाहावा.

आरोग्यविषयक काळजी : पिवळ्या व नारिंगी झगझगीत छटांसाठी पूर्वी शिशाचे क्रोमेट वापरीत. भारतात घरगुती व शोभेच्या रंगलेपांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, असा नियम २०१६ मध्ये करण्यात आला व तो १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीचे जुने थर कोरडे खरवडल्यास शिशाची धूळ उडते व ती लहान मुलांना विशेष घातक असते. असे थर ओले करून, मुलांना दूर ठेवून व नाकातोंडावर योग्य मुखपट्टी बांधून काढावेत. लोहाचे मृत्तिकारंग त्या मानाने निर्धोक असले, तरी कोरडी भुकटी सिलिकायुक्त असू शकते व उंबर मातीत मँगॅनीज असते. म्हणून ती मिसळतानाही धूळ श्वासावाटे जाऊ देऊ नये. ‘नैसर्गिक’ या शब्दावरून एखाद्या रंगलेपाची निर्धोकता ठरत नाही; ती त्यातील रंगद्रव्य, बंधक व विद्रावक यांवरून ठरते.