तीन चाकांची बाबागाडी : आधी पुढचे चाक तपासा

बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या लेकीच्या सामानात हल्ली एक वस्तू हमखास असते, ती म्हणजे घडीची बाबागाडी. पुण्या-मुंबईच्या सोसायटीत, मॉलच्या फरशीवर ती पाण्यासारखी पळालेली असते. उंब्रजला उतरून महामार्गाच्या सेवा रस्त्यावर आली, की पहिल्याच खडीला तिचे चिमुकले पुढचे चाक अडते, गाडी जागच्या जागी थबकते आणि बाळाचे डोके पुढे हिसकते. मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन यायचे म्हटले तरी वाटेत चार गतिरोधक, दोन उघडी गटारे आणि कुठे उचकटलेला डांबराचा पापुद्रा. मग आजोबा सुचवतात, "मोठ्या चाकांची घ्या. ती तीन चाकांची मिळते ना!"

सल्ला चुकीचा नाही. पण तीन चाकांची गाडी म्हणजे चार चाकांतले एक कमी केलेली गाडी नव्हे. तिचे बळ वेगळे आणि खोडीही वेगळ्या.

चाक मोठे असण्याचा फायदा साध्या गणिताने कळतो. रस्त्यात पाच सेंटिमीटर उंचीचा दगड आहे असे धरा. सहा इंची चाकाने तो चढायचा, तर गाडी आडवी ढकलण्यासाठी त्या चाकावर पडणाऱ्या वजनाच्या जवळपास पावणेतीनपट जोर लागतो. बारा इंची चाकाला तोच दगड सव्वापटीहूनही कमी जोरात पार करता येतो. म्हणजे चाक दुप्पट केले, तर श्रम निम्म्याहूनही खाली येतात. त्यात चाक हवेचे असेल, तर उरलेला धक्का टायर गिळते. शेतातल्या पायवाटेवर किंवा घाटाच्या पायऱ्यांजवळच्या फरसबंदीवर हा फरक हाताला लगेच जाणवतो.

या गाडीचा जन्मही अशाच गरजेतून झाला. घडीची हलकी छत्रीसारखी बाबागाडी १९६५ मध्ये ओवेन मॅक्लारेन या इंग्रज अभियंत्याने काढली. स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या चाकांच्या रचनेवर काम केलेला हा माणूस. हलक्या नळ्यांची घडी कशी घालायची, हे तो विमानाकडून शिकला होता. पण त्या गाडीची चाके फरसबंद रस्त्यासाठीच होती. पुढे १९८४ मध्ये अमेरिकेत फिल बेकलर या धावण्याची आवड असलेल्या बापाने बाबागाडीला सायकलची चाके लावली, पुढे एक आणि मागे दोन. बाळाला घेऊन धावता यावे एवढाच हेतू होता. आज बाजारात दिसणाऱ्या तीन चाकी गाड्यांवर त्या कल्पनेची छाप आहे.

आपल्याकडे तीन चाके नवी नाहीतच. जत्रेतून आणलेला लाकडी पांगुळगाडा तीन चाकांचाच, फक्त त्यात बाळ बसत नाही, मागे उभे राहून ढकलते. त्याच्याबद्दल पुढे.

तीन पायांची तिवई खडबडीत जमिनीवरही डुगडुगत नाही, कारण तिचे तिन्ही पाय नेहमी टेकलेले असतात. तीन चाकी गाडीचेही तसेच आहे. मात्र कोपऱ्यावर हात टेकला की तिवई चटकन कलंडते. भर वेगात वळणाऱ्या रिक्षात बसलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. चारचाकीचा आधार चौकोनात असतो, तीनचाकीचा त्रिकोणात, आणि तो त्रिकोण पुढे निमुळता होत जातो. बाळाने पुढे वाकून बाजूला झेप घेतली, किंवा एक मागचे चाक गतिरोधकावर आणि दुसरे खाली अशा स्थितीत गाडी जोरात वळवली, तर ती आडवी होऊ शकते. म्हणून मागच्या दोन चाकांमधले अंतर जितके जास्त आणि बैठक जितकी खाली तितके बरे. हँडलला भाजीची पिशवी अडकवण्याची सवय आपल्या हाडीमासी खिळलेली आहे. तीनचाकीत ती फार महागात पडते. बाळाला उचलून घेतले की पिशवीच्या भाराने गाडी मागे उलटते, कधी बाळ आत असतानाही. सामान खालच्या जाळीतच ठेवावे.

दुकानात गेल्यावर रंग आणि छत्री पाहण्याआधी दहा किलो तांदळाची पिशवी मागवावी. दुकानदार हसेल, हसू द्यावे. ती पिशवी पट्ट्यांत बांधून गाडी ढकलावी, एका हाताने वळवावी, हँडल दाबून पुढचे चाक उचलून पाहावे आणि ब्रेक लावून उतारावर सोडावी. रिकामी गाडी सगळीच चांगली चालते. घरातून निघताना टेपने दरवाजाची रुंदी मोजून आणावी. जुन्या घरांचे दार अरुंद, वर उंबरा, आणि तीनचाकीचा मागचा भाग बहुधा साठ सेंटिमीटरच्या आसपास रुंद. वजनही दहा किलो किंवा त्याहून जास्त भरते. ही गाडी घडी घातली तरी एस.टी.च्या फळीवर बसत नाही. ज्यांचे येणे-जाणे एस.टी.नेच आहे त्यांनी हलकी चारचाकी घ्यावी आणि खडीच्या पट्ट्यात बाळाला कडेवर घ्यावे. कडेवर बसताना बाळाचे पाय फाकलेले राहतात आणि ते त्याच्या खुब्यांच्या सांध्यांना चांगलेच असते.

आता पुढचे चाक. तीनचाकीत सगळा कारभार त्या एका चाकावर असतो. ते निखळले तर उरलेल्या दोन चाकांवर गाडी उभी राहूच शकत नाही, दांडा जमिनीत रुततो आणि बाळ तोंडावर येते. ही नुसती भीती नाही. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने २०१८ मध्ये एका कंपनीच्या सुमारे पाच लाख तीन चाकी गाड्यांविरुद्ध कारवाई सुरू केली, ती याच कारणाने. चालता चालता पुढचे चाक सुटल्याने मुले आणि गाडी ढकलणारी मोठी माणसे मिळून शंभराच्या आसपास लोक जखमी झाल्याच्या नोंदी आयोगाकडे होत्या. त्या चाकाला सायकलसारखी झटपट उघडणारी खिट्टी होती. ही खिट्टी नटासारखी फिरवून घट्ट करायची नसते. दुसऱ्या बाजूचा नट आधी बेताने आवळायचा आणि मग खिट्टी घडी घालून दाबायची. दाबताना तळव्यावर तिचा वळ उमटला पाहिजे. अलगद बंद झाली तर ती सैल आहे. गाडी टेम्पोत किंवा डिकीत घालण्यासाठी चाक काढले असेल, तर बाळाला बसवण्याआधी गाडीचा पुढचा भाग उचलून चाकावर थापटी मारून पाहावी. यात अर्धे मिनिट जाते.

पुढचे चाक फिरते असेल, तर त्याला एका जागी अडकवण्याची सोय असते. बाजारात गर्दीतून वळताना ते मोकळे ठेवावे. सरळ रस्त्याला किंवा उताराला लागल्यावर अडकवावे, नाहीतर वेग वाढताच ते थरथरू लागते आणि हँडल हातातून निसटायला पाहते. नदीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर हँडलचा मनगटी पट्टा हातात घातलेला असावा. पायाने लावायचा ब्रेक दोन्ही मागच्या चाकांना लागतो की एकाच, हेही पाहून घ्यावे.

धावण्याचा मोह तरुण बापांना होतो. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला घेऊन धावू नये, आणि त्यानंतरही बालरोगतज्ज्ञांना विचारूनच. बाळाचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि जड असते, मानेचे स्नायू मात्र अजून तयार व्हायचे असतात. मान न धरणाऱ्या बाळाला पाठ पूर्ण सपाट होणाऱ्या गाडीतच ठेवावे. उभट बैठकीत त्याची हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दबते. फिरता फिरता झोपलेल्या बाळाला घरी आल्यावर गाडीतच राहू देऊ नये, पाळण्यात किंवा सपाट अंथरुणावर पाठीवर निजवावे. पाच ठिकाणी अडकणारा पट्टा, म्हणजे दोन खांद्यांवर, दोन कमरेला आणि एक पायांमधून, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जातानाही लावायचाच.

उन्हाळ्यात इथली एक चूक फार प्रेमाने केली जाते. ऊन लागू नये म्हणून गाडीवर ओढणी किंवा टॉवेल टाकतात. बाहेरून सावली दिसते, आत हवा कोंडते. सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये हे मोजून दाखवले. कोरड्या सुती कापडाने झाकलेल्या गाडीतले तापमान बाहेरच्यापेक्षा अडीच अंशांहून जास्त वाढले. तेच कापड ओले करून टाकले आणि जोडीला छोटा पंखा लावला, तेव्हा ते जवळपास पाच अंशांनी उतरले. ओले कापड वाळले की पुन्हा भिजवावे लागते, आणि पावसाळी दमट हवेत या युक्तीचा गुण कमी येतो. सर्वांत सोपे म्हणजे एप्रिल-मे मध्ये दहाच्या आत घरी यावे, गाडीची छत्री उघडी ठेवावी आणि बाळाच्या मानेला मागून हात लावून पाहत राहावे. मान गरम आणि घामेजलेली लागली, तर गाडी सावलीत घ्यावी आणि बाळाला बाहेर काढावे.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. मोठ्या माणसाचे नाक धुरापेक्षा वर असते, गाडीतल्या बाळाचे नाक सायलेन्सरच्या उंचीवर. इंग्लंडमधल्या सरे विद्यापीठात प्रशांत कुमार आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये मांडले, की गाडीतल्या बाळाच्या वाट्याला मोठ्यांपेक्षा साठ टक्क्यांपर्यंत अधिक प्रदूषित हवा येऊ शकते. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली, की उंब्रजच्या सेवा रस्त्यावर हे कुणालाही पटेल. अशा वेळी गावातली आतली आळी धरावी, आणि रस्ता ओलांडायला थांबताना गाडी कडेला न उभी करता चार पावले मागे घ्यावी.

निगा राखण्यात हवेची चाके सर्वांत जास्त वेळ मागतात. बाभळीचा काटा कोणाची गाडी आहे हे पाहत नाही. बारा इंची ट्यूब लहान मुलांच्या सायकलची असते तीच बहुधा चालते, त्यामुळे सायकलवाला पंक्चर काढून देतो. मात्र हवा भरायला महामार्गावरच्या टायरवाल्याकडे जाऊ नये. ट्रकसाठी चालणाऱ्या कॉम्प्रेसरने ही इवलीशी ट्यूब दोन सेकंदांत फुटते. किती हवा भरायची, तो आकडा टायरच्या कडेवर उठावाने छापलेला असतो. हातपंपाने तेवढीच भरावी आणि मागच्या दोन्ही चाकांत सारखी. एका बाजूला कमी असेल तर गाडी सतत त्याच बाजूला ओढते, आणि लोक मात्र चाक वाकडे झाले म्हणून कारागिराकडे पळतात.

चाक कुरकुरले की घरात हाताशी असलेले खोबरेल तेल सोडण्याची पद्धत आहे. दोन दिवस गाडी गप्प बसते, मग त्या तेलाला धूळ चिकटून काळी चिकट घाण होते. आधी आसाला गुंडाळलेले केस आणि दोरे काढावेत, ओल्या फडक्याने पुसून कोरडे करावे आणि शिवणयंत्राच्या तेलाचा एखादा थेंब द्यावा. रॉकेलने धुऊ नये, रबर आणि प्लॅस्टिक खराब होते. पावसात भिजलेली गाडी घडी घालून माळ्यावर टाकली तर आठवड्यात बुरशी येते. उघडी ठेवून पंख्याखाली वाळवावी. पट्टे साध्या साबणाने धुवावेत.

घडी घालताना बाळ दूर असावे. बिजागरीत बोटे सापडण्याचा धोका इतका खरा आहे, की २००९ मध्ये अमेरिकेत एका नामांकित कंपनीला सुमारे दहा लाख गाड्यांच्या बिजागऱ्यांसाठी संरक्षक आवरणे द्यावी लागली. बारा मुलांच्या बोटांची टोके तुटली होती.

वापरलेली गाडी घेण्यात कमीपणा काही नाही. पुढच्या चाकाची खिट्टी, ब्रेक, पट्ट्याची कुलपे आणि घडीचा लॉक एवढे शाबूत असेल तर खुशाल घ्यावी. कापड फाटलेले चालेल, शिंपी शिवून देतो. सांगाड्याला वेल्डिंगचा टाका दिसला तर मात्र परत करावी.

राहिला पांगुळगाडा. चालू लागलेल्या बाळासाठी तो आजही चांगला, कारण त्यात बाळ स्वतःच्या पायांवर उभे असते. गोल प्लॅस्टिकचा, आत बसवायचा वॉकर मात्र घेऊ नये. कॅनडाने २००४ पासून त्याच्या विक्रीवरच बंदी घातली आहे. अमेरिकेत १९९० ते २०१४ या काळात वॉकरमुळे जखमी झालेल्या २ लाख ३० हजारांहून अधिक लहानग्यांना रुग्णालयात न्यावे लागले, आणि त्यांतली बहुतेक जिन्यावरून पडली होती. बाबागाडीची मर्यादा साधारण पंधरा किलो असते, नेमका आकडा गाडीवर लिहिलेला असतो. तेवढे वजन होईपर्यंत बाळ बहुधा गाडीत बसायलाच तयार नसते. ते हँडल धरून रिकामी गाडी स्वतःच ढकलू लागते.