क्रूझवरचे ‘वेगळ्या पैशांचे’ जेवण

क्रूझच्या तिकिटात जेवण धरलेले असते, म्हणून जहाजावरील प्रत्येक उपाहारगृह मोफत असते, असा अनेकांचा समज असतो. साधारणपणे तिकिटात मुख्य भोजनगृह आणि बुफे येतात. स्पेशालिटी रेस्टॉरंटसाठी (एखाद्या विशिष्ट पाकशैलीचे छोटे, आरक्षणाचे उपाहारगृह) पैसे वेगळे पडतात. महिन्याची खानावळ लावली, तरी शनिवारी हॉटेलात गेल्यास बिल निराळे द्यावे लागते, तसेच हे.

ही पद्धत नवी नाही. 1912 मध्ये ‘टायटॅनिक’वरही पहिल्या वर्गाच्या प्रवाशांसाठी वेगळे पैसे घेणारे उपाहारगृह होते. आज रॉयल कॅरिबियन या क्रूझ कंपनीच्या अनेक जहाजांवर ‘चॉप्स ग्रिल’ हे स्टेकहाउस याच प्रकारचे आहे. उलट, व्हर्जिन व्हॉयेजेस या कंपनीने आपली उपाहारगृहे भाड्यातच धरली आहेत. त्यामुळे आपल्या जहाजाचा नियम आधी पाहावा.

अशा उपाहारगृहाच्या आरक्षणाचा दिवस निवडतानाही विचार करावा. पहिल्या रात्री गर्दी सहसा कमी असते आणि कधी सवलतही मिळते. बंदराच्या दिवशी परतायला उशीर होऊ शकतो, म्हणून रात्री उशिराची वेळ घ्यावी. औपचारिक पोशाखाच्या रात्री मुख्य भोजनगृहात अनेकदा खास पदार्थ असतात. त्या रात्री स्पेशालिटी रेस्टॉरंटमध्ये जेवल्यास ते हुकतात. शाकाहारींनी आरक्षणापूर्वी मेनू वाचावा, कारण स्टेकहाउसमध्ये पर्याय मोजकेच असतात. मुले सोबत असल्यास वयाची अटही विचारावी. डिस्नेच्या जहाजांवरील ‘पालो’ या उपाहारगृहात फक्त प्रौढांना प्रवेश आहे.