दोन सारखेच माईक, कॉम्प्युटरला कळणार कसं?

मागच्या व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी विचारलं की दोन यूएसबी माईक लावले तर कोणता कुणाचा हे ओळखायचं कसं. प्रश्न छोटा वाटतो, पण मी त्याची किंमत मोजली आहे. आधी तेच सांगतो.

पापड-कुरडयांचा धंदा करणाऱ्या एका ताईंची मुलाखत ठरली होती. ऐन उन्हाळ्याचा सीझन, तरी ताई काम बंद ठेवून ढोरकीनहून एसटीने बिडकीनला माझ्या दुकानात आल्या. पहिली ऑर्डर कशी मिळाली, घरच्यांचा विरोध, पहिले पैसे हातात आले तेव्हा काय वाटलं, सगळं त्या चाळीस मिनिटं मनापासून बोलल्या. संध्याकाळी फाईल उघडली तर माझा आवाज खणखणीत आणि ताईंचा ट्रॅक कोरा!

झालं असं होतं की सकाळी टेबल पुसताना मी त्यांच्या माईकची पिन काढली आणि परत लावताना शेजारच्या पोर्टमध्ये लावली. माझ्यासाठी तो तोच माईक होता. कॉम्प्युटरसाठी तो नवा झाला. रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर मात्र जुन्या नावाचीच वाट बघत बसलं.

असं का होतं?

यूएसबीचं पहिलं स्टँडर्ड १९९६ साली आलं. ते घडवणाऱ्यांमध्ये बडोद्याला शिकलेले, तेव्हा इंटेलमध्ये काम करणारे अजय भट्ट हे मोठं नाव. कुठलंही यूएसबी यंत्र लावलं की ते कॉम्प्युटरला आपली ओळख सांगतं : कंपनीचा नंबर, मॉडेलचा नंबर आणि असेल तर सीरियल नंबर. हे "असेल तर" महत्त्वाचं आहे. बऱ्याच स्वस्त माईक आणि साउंड कार्डांत सीरियल नंबर घातलेलाच नसतो.

समजा, एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, एकाच रंगाचे दोन टेम्पो आहेत आणि दोघांना नंबर प्लेट नाही. तुम्ही कसे ओळखाल? उभा कुठं आहे त्यावरून. विंडोज तेच करतं. सीरियल नंबर नसेल तर पोर्टची जागा हीच ओळख. जागा बदलली की टेम्पो नवा! म्हणून यादीत "यूएसबी ऑडिओ डिव्हाइस" आणि "२- यूएसबी ऑडिओ डिव्हाइस" अशी जुळ्या भावांसारखी नावं दिसतात.

मग करायचं काय?

१. पिन काढून बघा. साउंड सेटिंग उघडी ठेवा आणि एक माईक काढा. यादीतून जे नाव गेलं, ते त्या माईकचं. हे रेकॉर्डिंग चालू असताना करू नका.

२. नखाने हलकं खरवडा. एका माईकवर नख फिरवा. ज्या नावासमोरची हिरवी पट्टी उडते, तो तुमचा माईक.

३. नाव बदला. विंडोज की आणि आर दाबा, "एमएमएसवायएस डॉट सीपीएल" हे इंग्रजीत टाईप करा. रेकॉर्डिंगचा टॅब, माईकवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज. वरच्या चौकटीत नाव लिहा : "मी लाल", "पाहुणे निळा".

४. रंगीत टेप लावा. लाल माईकच्या वायरला लाल टेप आणि त्याच्या पोर्टजवळही लाल टेप. निळ्याचं तसंच. दिलेलं नाव त्या पोर्टपुरतं असतं. यादीत "पाहुणे निळा"च्या जागी कंपनीचं मूळ नाव दिसलं, तर समजा पिन चुकीच्या जागी गेली आहे.

५. "डिफॉल्ट" वर सोडू नका. डिफॉल्ट म्हणजे विंडोज ठरवेल तो. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक ट्रॅकला नेमका माईक निवडा.

६. दहा सेकंद रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका. पाहुण्यांना चहा देता देता होतं हे काम. नुसती पट्टी हलताना बघून समाधान मानू नका, लॅपटॉपचा माईकसुद्धा पट्टी हलवतो.

हे फक्त यूट्यूबवाल्यांसाठी नाही बरं का. ऑरिकमुळे आपल्या बिडकीन भागात कंपन्या येत आहेत. उद्या एखाद्या परचेस ऑफिसरसमोर ऑनलाईन मीटिंगमध्ये तुम्ही तुमचा माल समजावून सांगत असाल आणि आवाज जाईल पंख्याच्या घरघरीसकट, तर समोरचा माणूस तुमच्या कामाबद्दलही तसाच विचार करेल.

ताईंचं पुढं काय झालं? फोन करायची लाज वाटत होती, तरी खरं ते सांगितलं. सीझन संपल्यावर त्या परत आल्या. जाण्यायेण्याचं भाडं आणि बुडालेल्या दिवसाचे पैसे मी दिले. मुलाखत चांगली झाली. पण पहिल्या कमाईबद्दल विचारलं तेव्हा ताई एवढंच म्हणाल्या, "मागं सांगितलं ना भाऊ, तेच." तेव्हाचं बोलणं परत आलं नाही.

दहा-वीस रुपयांची टेप आहे मित्रांनो. आजच लावा. तुमच्या लॅपटॉपवर माईकची कोणती नावं दिसतात ते कमेंटमध्ये लिहा, अडलं तर मी आहेच. भेटू पुढच्या व्हिडिओत!